बॅटीवरचें नांव

भंडारदऱ्याचें नांव निघालें कीं शहरांतल्या कुटुंबांच्या डोळ्यांपुढें विल्सन धरण, रंधा धबधबा, रतनगड आणि ढगांत शिरलेलें कळसूबाईचें शिखर हीं दृश्यें उभीं राहतात. प्रवरेवरील हें धरण 1926 सालीं पुरें झालें, आणि त्याचें पाणी अकोल्याच्या डोंगरांतून खालीं संगमनेर-श्रीरामपूरच्या मळ्यांपर्यंत पोंचलें. याच पट्ट्यानें पुढें क्रिकेटलाहि दोन मोठे खेळाडू दिले. श्रीरामपूरचा झहीर खान हा एक, आणि संगमनेर तालुक्यांतील आश्वीचा अजिंक्य रहाणे हा दुसरा. तेव्हां पावसाळा सरून गवत वाळलें म्हणजे धरणाच्या आसपासच्या वाड्यांतूनहि मुलांचें क्रिकेट रंगूं लागतें यांत नवल नाहीं.

या खेळांत एखाद्याच्या हातीं बाजारांतून आणलेली बॅट असते, तर एखाद्याच्या हातीं सुताराकडून तासून घेतलेली नुसती फळी. परंतु महाराष्ट्रांत कोठेंहि पाहिलें तरी अशा फळीवरसुद्धां पुष्कळदां एक रंगीत स्टिकर चिकटवलेला आढळतो, आणि त्यावर एम्. आर्. एफ्. हीं अक्षरें असतात. हीं अक्षरें चेन्नईच्या एका टायर-कारखान्याचीं. टायर आणि बॅट यांचा संबंध काय, असें त्या मुलाला कोणी विचारलें तर तो प्रश्नच त्याला चमत्कारिक वाटेल. त्याच्या लेखीं तीं अक्षरें टायरचीं नव्हेत, सचिन तेंडुलकरचीं आहेत.

बॅटीवर नांव कोणाचें असावें? ती घडविणाराचें, तिनें खेळणाराचें, कीं पैसे मोजणाराचें? गेल्या शंभर-सव्वाशें वर्षांत या प्रश्नाचें उत्तर तीनदां बदललें. त्याच काळांत बॅटीचा आकारहि बदलत गेला. हे दोन बदल अगदीं निरनिराळे आहेत. एक लाकडाचा आहे, दुसरा कागदाचा. दोहोंची गल्लत झाली म्हणजे गिऱ्हाइकाची फसगत होते आणि मुलाच्या हातांत नको ती वस्तु येते. म्हणून दोहोंचा वेगवेगळा विचार करणें इष्ट आहे.

प्रथम लाकडाचें पाहूं. क्रिकेटच्या आरंभीं चेंडू जमिनीवरून घरंगळत टाकीत, आणि त्याला अडविण्यासाठीं बॅट हॉकीच्या काठीसारखी खालीं वळलेली असे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धांत गोलंदाज चेंडूला टप्पा देऊं लागले. उसळून येणाऱ्या चेंडूपुढें वांकडी बॅट निरुपयोगी ठरली, आणि ती सरळ झाली. पुढें 1771 सालीं इंग्लंडांत एक विलक्षण प्रसंग घडला. हॅम्बल्डन संघाविरुद्धच्या सामन्यांत व्हाइट नांवाचा एक फलंदाज चक्क यष्ट्यांइतकी रुंद बॅट घेऊन उभा राहिला! हॅम्बल्डनच्या खेळाडूंनीं हरकत घेतली, आणि बॅटीची रुंदी सव्वाचार इंचांहून अधिक नसावी असें ठरलें. 1774 च्या नियमांत ही मर्यादा आली. पुढें 1835 च्या नियमांत लांबीला 38 इंचांची मर्यादा घातली गेली. या दोन्ही मर्यादा आजहि जशाच्या तशा आहेत. बदल झाला तो जाडींत, वजनांत आणि वजनाच्या वांटणींत.

बॅटीचें पातें विलो नांवाच्या झाडाचें करतात. हें झाड आपल्याला अगदींच परकें नाहीं. सह्याद्रींतल्या ओढ्यांच्या कांठीं वाढणारा वाळुंज हा त्याचाच सगोत्र. बाजारांतल्या चांगल्या बॅटीचें लाकूड मात्र इंग्लंडांतल्या पांढऱ्या विलोचें किंवा काश्मीरी विलोचें असतें. सागाची फळी दिसायला भक्कम. मग विलोच कां? कारण साग जड आणि कठीण. त्यावर चेंडू आदळला कीं हाताला झिणझिण्या येतात, आणि वजनामुळें बॅट वेळेवर फिरत नाहीं. विलो हलका आणि तंतुमय आहे. आघात झाला कीं तो किंचित् दबतो आणि चेंडूला परत फेंकतो. सहसा चिरफळत नाहीं. कारागीर त्याचें पातें यंत्रांत दाबून त्याचा पृष्ठभाग घट्ट करतात. मग पात्याला वेताचा दांडा पाचरीसारखा सांधून बसवितात. हातापर्यंत येणारा हादरा हा वेत शोषून घेतो. पूर्वी सगळी बॅट एकाच लाकडाची असे; हा सांधा एकोणिसाव्या शतकांतला.

आपल्या देशांतला हा धंदा फाळणीच्या आधीं मुख्यतः सियालकोटला होता. 1947 नंतर तेथील पुष्कळसे कारखानदार आणि कारागीर मेरठ व जालंधर येथें आले, आणि तीं शहरें बॅटींचीं माहेरघरें बनलीं. काश्मीरांत अनंतनाग जिल्ह्यांतील संगम, बिजबेहरा या भागांत स्थानिक विलोच्या बॅटी तयार होतात. इंग्रजी विलोचे ओंडके चिरून, वाळवून मेरठला येतात आणि तेथें त्यांना आकार मिळतो. याचा अर्थ असा कीं मुंबईच्या धोबीतलावावरील दुकानांत टांगलेली बॅट आणि तिजवरील इंग्रजी नांव हीं दोन्ही एकाच गांवचीं असतील असा नेम नाहीं.

आतां कागदाचें. बॅटीवर आरंभीं जें नांव आलें तें घडविणाराचें. कारखानदार आपल्या नांवाचा ठसा पात्यावर उमटवीत. त्याचा उद्देश साधा होता. माल वाईट निघाला तर दोष कोणाला द्यावयाचा आणि चांगला निघाला तर पुन्हां कोणाकडे जावयाचें, तें त्या ठशावरून कळावें. सोनाराच्या शिक्क्यासारखाच तो प्रकार. ठसा लहान असे, एकरंगी असे, आणि चार हातांवरून दिसतहि नसे. दिसावा अशी कोणाची अपेक्षाहि नव्हती.

दुसरें नांव आलें खेळाडूचें. डॉन ब्रॅडमन इंग्लंडांतल्या साइक्स या कारखान्याची बॅट वापरी, आणि त्याच्या सहीची साइक्स बॅट दुकानांत विकत मिळे. लोकांनीं कारखान्याची कीर्ति विचारण्याऐवजीं खेळाडूची कीर्ति विचारावी, हा बदल येथून रुजला. आपल्याकडे याचें गोड उदाहरण सुनील गावसकरांचें आहे. मेरठच्या एस्. जी. बॅटीशीं त्यांचें नांव इतकें एकरूप झालें कीं तीं अक्षरें म्हणजे गावसकरांचीं आद्याक्षरें, असें शाळकरी मुलें छातीठोकपणें सांगत. वस्तुतः तीं सन्सपॅरील्स ग्रीनलँड्स या कारखान्याचीं. हा कारखाना 1931 सालीं सियालकोटला निघाला, तेव्हां गावसकरांचा जन्महि झालेला नव्हता. तरी एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. या दुसऱ्या अवस्थेंत बॅटीवर जीं दोन नांवें होतीं, त्यांपैकीं एक बॅट करणाराचें आणि दुसरें बॅटीनें खेळणाराचें. दोघांचाहि बॅटीशीं खराखुरा संबंध होता.

तिसऱ्या नांवाची वाट दूरचित्रवाणीनें मोकळी केली. 1970 नंतरच्या दशकांत ऑस्ट्रेलियांत क्रिकेट रंगीत पडद्यावर आलें, आणि भारतांत रंगीत प्रक्षेपण 1982 सालीं सुरू झालें. कॅमेरा फलंदाजाच्या जवळ गेला. जो ठसा चार हातांवरून दिसत नव्हता तो घरोघर दिसूं लागला, आणि जें घरोघर दिसतें त्याला किंमत येते. ठशाची जागा स्टिकरनें घेतली. अक्षरें मोठीं झालीं, रंग भडक झाले, पात्याची पाठ आणि कड याहि जागा भरूं लागल्या. लवकरच ज्यांनीं आयुष्यांत एक बॅट घडविली नाहीं अशा व्यापाऱ्यांनाहि ही जागा हवीशी वाटूं लागली.

याच ठिकाणीं महाराष्ट्रांतला एक प्रसंग सांगण्याजोगा आहे. 1996 सालची विश्वचषक स्पर्धा भारत, पाकिस्तान व श्रीलंका या देशांत झाली. तींत सर्वांत अधिक, म्हणजे 523 धांवा तेंडुलकरनें काढल्या. त्या काढतांना त्याची बॅट कोरी होती. तिजवर कोणाचेंहि नांव नव्हतें. त्या सुमारास त्याचा बॅटीपुरता करार उरलेला नव्हता. तंबाखूच्या व्यापाऱ्यांकडून मागणी येत होती, आणि त्या काळीं अशीं नांवें बॅटीवर लावणें रूढहि होतें. विश्वचषकाच्या नांवालाच तेव्हां ‘विल्स’ या सिगारेटच्या नांवाची जोड होती. परंतु तंबाखूची जाहिरात करणार नाहीं असें वचन त्यानें वडिलांना दिलें होतें. वडील म्हणजे कवि आणि मराठीचे प्राध्यापक रमेश तेंडुलकर. महाराष्ट्र शासनाच्या ‘स्वच्छ मुख अभियाना’चें काम 2023 सालीं स्वीकारतांना सचिननें ही हकीकत स्वतः सांगितली. देशांतल्या सर्वांत मोलाच्या बॅटीवरची जागा केवळ एका शब्दाखातर रिकामी राहिली. तेव्हां ती कोरी बॅट पाहून कित्येकांना चुकल्यासारखें वाटलें असेल. आज कळतें कीं त्या कोरेपणांतच एक मजकूर होता. स्पर्धेनंतर त्याच वर्षीं टायर-कारखान्याशीं करार झाला, आणि तीं तीन अक्षरें गांवोगांवच्या फळ्यांपर्यंत पोंचलीं.

स्टिकर हा केवळ शोभेचा कागद असतो काय? कायदा तसें गृहीत धरीत नाहीं, आणि त्याला कारण घडलें आहे. ऑस्ट्रेलियाचा रिकी पाँटिंग ज्या जातीची बॅट वापरी, तिच्या पाठीवर ग्राफाइटयुक्त थर चिकटविलेला असे. पातें केवळ लाकडाचेंच असावें या नियमाशीं हें जुळत नाहीं, असा निर्णय मेरिलबोन क्रिकेट क्लबानें 2006 सालीं दिला, आणि कूकाबरा या कारखान्यानें त्या बॅटी मागें घेतल्या. पातें लाकडाचें असावें हा नियमहि अशाच एका घटनेंतून आलेला. डिसेंबर 1979 मध्यें डेनिस लिली पर्थच्या कसोटींत ॲल्युमिनियमची बॅट घेऊन उतरला होता. तिच्यानें चेंडू खराब होतो अशी तक्रार इंग्लंडच्या कर्णधारानें केली, आणि त्यानंतर लाकडाचें बंधन घालण्यांत आलें. आजच्या नियमांप्रमाणें व्यापारी स्टिकरची जाडी 0.2 मिलिमीटरहून अधिक चालत नाहीं. पाठीचा निम्म्याहून अधिक भाग त्यानें झांकतां कामा नये. चेंडू मारावयाच्या बाजूस तो दांड्याखालच्या 9 इंचांतच असला पाहिजे. स्टिकरनें बोलावें, पण खेळूं नये, असा या नियमांचा आशय.

मधल्या काळांत लाकूडहि स्वस्थ बसलें नव्हतें. ब्रॅडमनच्या काळीं बॅट सव्वादोन पौंडांच्या आसपास असे, कडा बारीक असत आणि फटक्यांत मनगटाचें कौशल्य असे. 1974 सालीं ग्रे-निकल्स या इंग्रज कारखान्यानें ‘स्कूप’ नांवाची बॅट काढली. तिच्या पाठीचा मधला भाग पन्हळीसारखा कोरून काढलेला असे. युक्ति गोल्फच्या काठीवरून सुचलेली. मधलें लाकूड काढून वजन कडांकडे नेलें, तर चेंडू नेमका मध्यावर न बसतांहि बॅट हातांत कमी फिरते. दुसरीकडे कांहीं खेळाडूंनीं वजनच वाढविलें. तेंडुलकरची बॅट तीन पौंडांहून जड असे. त्यानंतरचा शोध अधिक धूर्त निघाला. लाकूड जास्त वाळवून त्यांतला ओलावा घटवावयाचा आणि दाब कमी द्यावयाचा, म्हणजे तितक्याच वजनांत पातें दुप्पट जाड दिसतें. कडा फुगल्या. चुकलेला फटकाहि सीमेपार जाऊं लागला. बॅट अधिक जोरकस झाली; तिचें आयुष्य मात्र घटलें, कारण कमी दाबलेलें लाकूड लवकर फुटतें. 2010 च्या इंडियन प्रीमियर लीगमध्यें मॅथ्यू हेडन आंखूड पात्याची, लांब दांड्याची ‘मंगूस’ बॅट घेऊन खेळला. ती टिकली नाहीं. जाड कड मात्र टिकली, इतकी कीं ऑक्टोबर 2017 पासून कडेला 40 मिलिमीटर आणि एकूण जाडीला 67 मिलिमीटर अशी मर्यादा घालावी लागली. 2025 च्या लीगमध्यें पंच मैदानावरच साच्यांतून बॅट घालून पाहूं लागले. 1771 च्या प्रसंगानंतर हॅम्बल्डनकरांनीं रुंदी तपासण्यास लोखंडी साचा करविला होता. अडीचशें वर्षांनीं त्याच उपायाकडे परत यावें लागलें!

स्कूपची एक गंमत राहिली. परदेशांतल्या मोठ्या मैदानांवरून ती बरीचशी मागें पडली. महाराष्ट्रांतल्या टेनिस चेंडूच्या खेळांत मात्र ती घर करून राहिली आहे. कातडी चेंडूचें वजन सुमारें 160 ग्रॅम असतें, साध्या टेनिस चेंडूचें 60 ग्रॅमहि नसतें. हलक्या चेंडूला जड लाकडाचा रेटा नको, बॅटीचा वेग हवा. म्हणून या बॅटींची पाठ खोल कोरतात. अशा बॅटी महाराष्ट्रांतले स्थानिक कारागीर घडवितात, आणि मंडळाचें नांव, गांवाचें नांव, आवडत्या देवाचें नांव, जें सांगाल तें स्टिकरवर छापून मिळतें. 2024 सालीं ठाण्याच्या दादोजी कोंडदेव क्रीडागारांत टेनिस चेंडूची इंडियन स्ट्रीट प्रीमियर लीग झाली, तेव्हां या गल्लींतल्या खेळालाहि प्रकाशझोत लाभला. बॅटीवर गांवाचें नांव येणें ही या सगळ्या इतिहासांतली बहुधा सर्वांत निरागस पायरी.

या सर्व व्यवहारांत ज्याचें नांव पुसलें गेलें तो घडविणारा. नामवंत खेळाडूची बॅट एका कारागिराच्या हातची आणि तिजवरचा स्टिकर दुसऱ्याच कारखान्याचा, हें या धंद्यांत उघड गुपित आहे. खेळाडूला आपल्या हातवळणीची बॅट हवी असते, करार मात्र स्टिकरचा असतो. मग लाकूड एकाचें आणि कागद दुसऱ्याचा. यांत बेकायदा कांहीं नसेल. पण स्टिकर पाहून तीच बॅट मागणारा बाप दुकानांत भलत्याच वस्तूची किंमत देतो. या पार्श्वभूमीवर महेंद्रसिंग धोनीचें वर्तन उठून दिसतें. 2019 च्या विश्वचषकांत त्यानें आपल्या उमेदीच्या काळांत मदत करणाऱ्या निरनिराळ्या कारखान्यांचे स्टिकर पैसे न घेतां लावले, आणि 2024 सालीं सरावांत त्याच्या बॅटीवर राँचीच्या एका बालमित्राच्या दुकानाचें नांव दिसलें. उलट प्रकारहि घडला. डिसेंबर 2023 मध्यें ऑस्ट्रेलियाच्या उस्मान ख्वाजाला बॅटीवर आणि बुटांवर शांततेचें कबूतर लावावयाचें होतें. आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेनें परवानगी नाकारली. विकत घेतलेल्या अक्षरांना जी जागा मिळते ती न विकलेल्या चित्राला मिळाली नाहीं. या निर्णयाच्या बाजूनें आणि विरुद्ध पुष्कळ बोललें गेलें. त्यावरून एवढें नक्की दिसतें कीं हाताएवढी ती जागा आतां क्षुल्लक राहिलेली नाहीं.

घरांतल्या मुलासाठीं बॅट घ्यावयाची असेल तर काय पाहावें? पहिली गोष्ट माप. मुलांच्या बॅटी 1 ते 6 आणि त्यापुढें हॅरो अशा मापांत मिळतात. ‘पुढच्या वर्षीं होईल’ म्हणून कपडे मोठे घेतले तर चालतात. बॅट मोठी घेतली तर मूल चुकीचा खेळ शिकतें. बॅट पायाजवळ उभी धरली असतां दांड्याचें टोक कमरेच्या किंचित् खालीं यावें. दुसरी गोष्ट वजन. मुलानें नुसत्या वरच्या हातानें बॅट समोर आडवी उचलून धरावी. हात थरथरला तर ती जड आहे असें समजावें, मग तिजवर कोणाचेंहि नांव असो. तिसरी गोष्ट रेषा. पात्यावरील उभ्या रेषा सरळ, वरपासून खालपर्यंत अखंड असाव्यात. काश्मीरी विलो तपकिरी आणि काहींसा जड असतो. शिकाऊ मुलाला तो पुरेसा आहे. स्टिकरखालीं गांठ किंवा चीर झांकलेली नाहीं ना, हें बोट फिरवून पाहण्यांत संकोच धरूं नये.

नव्या बॅटीला जवसाच्या तेलाचा पातळ हात द्यावा. सांध्याला आणि स्टिकरला तेल लावूं नये, कारण तेलानें सांध्याचा डिंक सुटतो. मग जुन्या चेंडूनें किंवा लांकडी हातोडीनें पातें हलके हलके ठोकून घ्यावें. या कामाला कांहीं तास द्यावे लागतात, आणि तें मुलाकडूनच करवावें. भंडारदऱ्यासारख्या धुवांधार पावसाच्या मुलुखांत, किंवा मुंबईच्या दमट हवेंत, बॅटीचें टोक ओल्या फरशीवर टेकवून ठेवूं नये. लाकूड पाणी शोषून फुगतें आणि तळाशीं फुटतें. चार महिने ती कोरड्या जागीं आडवी ठेवावी. इतकें केलें म्हणजे साधी बॅटहि कित्येक हंगाम टिकते. स्टिकर तोंवर सोलून गेलेला असतो. त्या जागीं मुलानें आपल्या हातानें आपलें नांव लिहिलें, तर त्याला रागावूं नये.